खिंडसी, नगरधन आणि मातीची एक मुद्रा

नागपूरकरांची सहल म्हणजे बहुधा रामटेक. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटर. सकाळी तर्रीपोहे खाऊन निघावे आणि दिवेलागणीला घरी यावे. आम्ही कित्येकदा असेच गेलो आणि गड उतरून परतलो. या हिवाळ्यात मात्र गडाला दुरूनच हात जोडून खिंडसीचा तलाव आणि नगरधनचा किल्ला पाहायचे ठरवले. कारण सोबत आई होती. वडील गेल्यानंतर वर्षभर ती घराबाहेर पडली ती बँकेत आणि कचेऱ्यांतच. प्रत्येक अर्जावर 'अमक्याची पत्नी' लिहून तिचा हात दुखून आला होता.

खिंडसीचे पाणी टेकड्यांच्या कुशीत असे पसरले आहे की ते निसर्गानेच तिथे आणून ठेवले असावे, असे वाटते. वास्तविक हा तलाव बांधलेला आहे. खालच्या शिवारातील धानाला पाणी मिळावे म्हणून इंग्रजी अमदानीत, १९१३ च्या सुमारास, सूर नदीला मातीचे धरण घातले गेले. हे सांगताच आमच्या कन्येचा विरस झाला. "म्हणजे हा खोटा तलाव आहे?" तिने विचारले. आई पाण्यात हात घालून बसली होती. ती म्हणाली, "पाणी तर खरंच आहे ना? मग खोटा काहून?"

तिथून नगरधन. रामटेकच्या दक्षिणेला, सपाट शिवारात उभा असलेला हा भुईकोट. दरवाजा भारदस्त, तट नि बुरूज भक्कम, आत जमिनीखाली उतरून जावे लागते असे देवीचे ठाणे. आज दिसते ते बांधकाम नागपूरकर भोसल्यांच्या काळातले मानतात. पण या गावाचे मोठेपण त्याहून तेराचौदाशे वर्षे जुने. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधीवर इथून राज्यकारभार पाहिला तो प्रभावतीगुप्तेने. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या. पती दुसरा रुद्रसेन अकाली गेला, मुले लहान होती, आणि तिने राज्य सांभाळले.

"मग राणीचा वाडा कुठे आहे?" कन्येचा पुढचा प्रश्न. दाखवण्यासारखे काहीच नव्हते. २०१५ ते २०१८ या काळात पुरातत्त्व खाते आणि डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंखाची आकृती असलेली मातीची एक लहानशी मुद्रा सापडली. मुठीत सहज मावेल एवढी. महाल गेले, आणि कुठल्याशा दस्तऐवजावर उमटवलेला हा शिक्का मातीत टिकून राहिला.

तटाच्या सावलीत डबे उघडले तेव्हा आम्ही आईला तिच्या ताम्रपटांविषयी सांगितले. पुणे ताम्रपट याच नंदिवर्धनातून दिला गेला. त्यात राणी वंशावळ सांगते ती सासरच्या वाकाटकांची नव्हे, माहेरच्या गुप्तांची; आणि गोत्रही लावते ते वडिलांचे, धारण. बलाढ्य पित्याचा दबदबा, असे कारण इतिहासकार देतात. ते खरेही असेल. आईने पोळीचा घास हातातच धरून ठेवला. म्हणाली, "कारभार सासरचा केला ना पूर्ण? मग झालं. नावापुरतं तरी आपलं असावं माणसाचं."

पुढे ती काही बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

परतताना मनसरला चहा घेतला. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा अंधारून आले होते. मागच्या सीटवरून कन्येचा आवाज आला, "आजी, लग्नाआधी तुझं नाव काय होतं?" आमच्याकडे पूर्वी लग्नात मुलीचे आडनाव बदले तसे पाळण्यातले नावही बदले, हे तिला कोणी सांगितले, कोण जाणे.

आईने सांगितले. नाव आणि त्यापुढे तिच्या वडिलांचे नाव, आडनावासकट, शाळेत हजेरी द्यावी तसे. आम्हाला ते ठाऊक होते. घरातल्या जुन्या पेटीत तिचा शाळेचा दाखला आहे. पण तिच्या तोंडून ते नाव आम्ही जन्मात प्रथमच ऐकत होतो.