बरा झालेला ब्रेक

जो दोष आपण होऊन नाहीसा होतो, त्याच्याविषयी मला नेहमीच संशय वाटत आला आहे. महाबळेश्वराहून आंबेनळी घाट उतरताना आमच्या भाड्याच्या मोटारीचे ब्रेक-पेडल एकाएकी मऊ पडले. पहिला गिअर टाकून आणि हँडब्रेक हळूहळू ओढून चालकाने गाडी डोंगराच्या कडेला थांबविली. तासाभराने पाहतो तो पेडल पूर्ववत घट्ट! "झालं ठीक साहेब, बसा आता," तो म्हणाला. मुलेही अधीर झाली होती. परंतु मी बसलो नाही.

पोलादपुराहून मिस्त्री येईपर्यंत दिवस कलला. त्याने ब्रेक ऑइलचे झाकण उघडून आतला काळपट द्रव दाखविला. द्रव दाबून आक्रसत नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण हे तेल हवेतील ओलावा शोषीत असते. 'डॉट ४' जातीचे ताजे तेल २३० अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उतारावर तापलेल्या ब्रेकने ते उकळले, की वाफ दाबली जाते आणि चाक मोकळेच फिरते. निवल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि पुरावाच नाहीसा!

मिस्त्रीने नवे तेल भरले. चालकाने पेडल दाबून धरायचे, त्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा. चारही चाकांतून बुडबुडे संपेपर्यंत हे चालले. घरच्या माणसाचा ताप उतरला तरी आपण औषध पुरते देतो. यंत्राच्या बाबतीत मात्र ताप उतरताच आपण घाट उतरू लागतो.