शेडातला शेजार

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं गणपती बोळवून उशिरा झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारीजवळच्या आमच्या गावात दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ते झोपलेल्यांच्या अंगावर आलं. माझे सासरे आणि धाकटा दीर गेले. आदल्या वर्षीही किल्लारीत धक्के बसत होते. तेव्हा लोक बाहेर झोपायचे, पुढं भीती ओसरली नि सगळे आत गेले. ‘बाहेरच झोपलो असतो तर’, हे नंतर घराघरातून ऐकलं.

मदत पुष्कळ आली. पण मन थोडं थाऱ्यावर आलं ते पत्र्याच्या शेडात. उन्हाळ्यात तिथं भाजून निघायचं, पावसात कानठळ्या बसायच्या. पण दाराला दार लागून होतं. शेजारणीची दोन्ही लेकरं गेली होती. ती रात्री ओरडत उठायची, की कुणीतरी बाई जाऊन तिच्याजवळ बसायची. बोलणं नसायचं. सकाळी ‘च्या ठेवलाय, ये’, एवढंच. समजावणार कोण? जी ती तसलीच. शहरातून डॉक्टर यायचे, झोप लागते का, दचकता का, विचारून लिहून न्यायचे. एक तरुण डॉक्टरीण मात्र आमच्यासोबत तूर निवडत बसायची. तिला बायका आपणहून सांगायच्या. पुरुषांचं अवघड होतं. ते रडत नव्हते, पीत होते.

शेजारणीचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. तिच्यासारख्या कितीतरी बायकांनी तेव्हा नळ्या परत जोडून घेतल्या. तिला मुलगा झाला. लोक म्हणाले, सावरली आता. कसली सावरते! त्या लेकराला कुशीत घेऊन ती बाहेरच निजायची.

मग नवं गाव झालं. रुंद रस्ते, पक्की घरं. घर मिळालं ते जमिनीच्या हिशेबानं: भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. एका मापाची घरं एका बाजूला. शेजारीण भूमिहीन, ती गावाच्या त्या टोकाला गेली, आम्ही या टोकाला. आता ती रात्री ओरडली तरी ऐकू कुणाला जाणार? सासूबाई सिमेंटच्या ओट्यावर एकट्या बसून म्हणायच्या, “शेडातच बरं होतं गं माय.” घर भक्कम होतं, यात शंका नाही. पण त्या ओट्यावर येऊन बसणारं कुणी उरलं नव्हतं.

२०१४ मध्ये माळीण दरडीखाली गेलं, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. दोन्ही वेळा टीव्हीवर नव्या घरांच्या घोषणा ऐकल्या. घरं जरूर बांधा. फक्त नकाशा काढण्याआधी तिथल्या बायकांना एकदा विचारा, शेजारी कोण पाहिजे.