काचेचा हुनर

नवी गाडी दारात आली की घरातले सगळे तिच्याभोवती फिरतात. कोणी रंग पाहतं, कोणी सीटवर बसून बघतं, कोणी अ‍ॅव्हरेज विचारतं. समोरच्या काचेकडे मात्र कोणी पाहत नाही, कारण ती असते आरपार पाहण्यासाठी. पुण्याला किंवा मनमाडला जाताना पुढच्या डंपरमधून खडीचा एक खडा उडतो, टक्कन आवाज होतो, काचेवर चांदणी उमटते, आणि तेव्हा कुठे आपल्याला काचेची आठवण होते.

आमच्या माहेरचं पोट मात्र काचेवरच भरलं. अब्बांनी नगरमध्ये गाड्यांच्या काचा बसवण्याचं छोटं दुकान टाकलं. आता ते भाईजान चालवतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. भाईजानांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, यंदा सायन्समधून बारावी झाला. मार्क बरे पडले. पण ‘पुढे काय?’ म्हटलं की त्याचं उत्तर एकच, ‘दुकान’. भाईजानांना ते मुळीच मान्य नव्हतं. त्यांच्या दोन्ही तळहातांवर काचेच्या जुन्या खुणा आहेत. “मी हात कापून घेतले ते याच्या हातात पेन यावा म्हणून,” असं ते म्हणत. घरात आठ दिवस बाप-लेकाचं बोलणं बंद. शेवटी मला फोन आला, “तू मुलांना शिकवतेस, आता तूच याला समजाव.”

मुलाचा ओढा मला नवा नव्हता. तो पाचवीत असताना मी त्याला आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेलं होतं. बाकीची मुलं तोफांवर हात फिरवत होती आणि हा विचारत होता, “फुफू, याला पुढे काचच नाही. मग चालवणाऱ्याला दिसतं कसं?” तिथल्या माणसाने त्याला पाहण्यासाठी ठेवलेली अरुंद फट दाखवली, तेव्हा कुठे तो पुढे सरकला.

रविवारी दुकानात गेले तर तिथे एक जुनी फियाट उभी होती. तीच आपली प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी, जी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांना माहीत आहे. पण ही रेसची होती. मागचं सीट काढलेलं, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, दारावर पुसट झालेला आकडा. एकेकाळी मद्रासजवळच्या शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत आणि त्यांत फियाट हमखास असत. आपली गाडीही तिथे धावली आहे, असं मालक अभिमानाने सांगत होते. काच तडकली होती. गावोगाव विचारून ते नगरला आले होते, कारण रबरात बसणारी काच नीट बसवणारे हात आता कमी उरलेत.

मालकांना काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचा पत्रा हवा होता. रेसच्या गाड्यांना तो बसवतात. वजनाला काचेच्या निम्मा आणि सहसा फुटत नाही. भाईजान म्हणाले, “साहेब, तुम्ही ही रस्त्यावरही चालवणार. धुळीत चार वेळा वायपर फिरला की त्यावर ओरखडे पडतील आणि समोरून लाइट आला की काही दिसणार नाही.” लॅमिनेटेड काच बसवायची ठरलं. ती मुंबईहून मागवून ठेवली होती.

मग काम सुरू झालं. आधी वायपर काढले, मग काचेभोवतीची चमकती पट्टी, वाकणार नाही अशा बेताने. जुनं रबर उन्हाने लाकडासारखं झालं होतं. ते वाचवण्यात अर्थ नव्हता, म्हणून बाहेरून त्याची कड पात्याने कापत नेली. आतून एकाने कोपऱ्याला हळू दाब दिला, बाहेर दोघांनी काच झेलली. उघड्या चौकटीत खाली गंज होता. तो घासून, प्राइमर मारून, रंग वाळू दिला. गिऱ्हाईक घाई करतं ते याच ठिकाणी, आणि इथेच घाई केली तर पुढच्या पावसाळ्यात पाणी आत येतं.

रंग वाळल्यावर भाच्याने डोळे मिटून चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं. डावीकडे वरच्या कोपऱ्याशी थांबला. “अब्बा, इथे उंचवटा आहे.” मला तर काही दिसलं नाही. भाईजानांनी बोट लावलं, मान हलवली आणि लाकडी ठोकळा ठेवून ती जागा हलकेच ठोकून सरळ केली. जुन्या रेसच्या गाडीने खूप हिसके खाल्लेले असतात, चौकट कुठेतरी वाकलेली असतेच. तसा उंचवटा राहिला तर बसवताना काच शाबूत दिसते आणि महिन्याभराने बरोबर तिथूनच तडकते.

त्यानंतर नवं रबर काचेला चढवलं. रबराला दोन खाचा असतात, एक काचेसाठी आणि दुसरी चौकटीच्या पत्र्यासाठी. पत्र्याच्या खाचेत सगळीकडून नायलॉनची दोरी बसवली आणि तिची दोन्ही टोकं खाली मधोमध, एकमेकांवरून, गाडीच्या आत सोडली. साबणाचं पाणी लावलं. बाहेर दोघांनी काच चौकटीला टेकवून धरली. आत पिंजऱ्याच्या पाइपांमुळे भाईजानांचा हात पोचेना. त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो बिस्मिल्ला म्हणून आत शिरला आणि दोरी ओढू लागला. दोरी जशी सुटत येई तशी रबराची ओठ पत्र्यावर चढत जाई, आणि बाहेरून भाईजान तळहाताने थोपटत जात. खालची बाजू, दोन्ही कडा, शेवटी वरची. हिसका नाही, घाई नाही. मग पाण्याची नळी सोडून पाहिली. आत थेंब नाही.

चहा पिताना भाईजानांनी मालकांना दोन काचांमधला फरक सांगितला. साधी टफन्ड काच फुटली की तिचा एकदम खडीसाखरेसारखा चुरा होतो. हात कापत नाही, पण त्या क्षणी समोर सगळं पांढरं. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तडा जातो, काच जागेवर राहते, रस्ता दिसतो. फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुस यांना ही युक्ती 1903 मध्ये सुचली, ती प्रयोगशाळेत पडूनही न विखुरलेल्या एका बाटलीवरून. आपल्याकडे पुढची काच लॅमिनेटेडच हवी, हा नियम 1990 च्या दशकात आला. त्याआधीच्या गाड्यांची काच बदलताना ते मुद्दाम विचारून घ्यावं. कोपऱ्यातला आयएसआयचा शिक्काही पाहावा.

तेवढ्यात दुसरी गाडी आली, नव्या जमान्याची. हिची काच रबरात नव्हे, गोंदाने चिकटवलेली. भाईजानांनी गोंदाची नळी भाच्याकडे दिली, “बघ रे, यावर काय लिहिलंय?” त्याने बारीक इंग्रजी वाचून सांगितलं, की हवा कशी असेल तर किती तास गाडी हलवायची नाही. मग म्हणाला, “आणि अब्बा, या गाडीला आरशामागे कॅमेरा आहे. काच बदलल्यावर तो मशीनवर पुन्हा जुळवून घ्यावा लागेल, नाहीतर गाडीला पुढचं अंतर चुकीचं दिसेल.”

मी भाईजानांना एवढंच म्हटलं, “पेन लागलाच ना इथे?”

आपण मुलांसमोर हुनर आणि तालीम अशा दोन वाटा ठेवतो, जणू एकीवर पाय टाकला की दुसरी बंद. वर्गात मला दरवर्षी अशी मुलं भेटतात, ज्यांची बोटं हुशार आहेत. आपण त्यांना ‘अभ्यासात कच्चा’ म्हणून मोकळे होतो. आणि अशीही दुकानं पाहते, जिथे उस्तादाचा हात पक्का आहे, पण नव्या गाडीपुढे तो थांबतो. दोरी ओढण्याचं कसब भाईजानांकडे आहे, पण दोरी लागणाऱ्या गाड्या आता किती उरल्या? पुढच्या वीस वर्षांत हे दुकान चालायचं असेल तर तिथे शिकलेलाच मुलगा लागेल.

मी काही वेगळं समजावलं नाही. बारावी सायन्सनंतर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, एवढं दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं. भाच्याने ऑटोमोबाइलसाठी अर्ज केला आहे. सुट्टीच्या दिवशी तो दुकानात असेल. भाईजानांनी अट एकच घातली, की हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही. त्यांनी स्वतः तीस वर्षांत कधी घातले नव्हते. आता दुकानातल्या खिळ्याला हातमोज्यांचे दोन जोड टांगलेले असतात.