न नेलेले कपडे

खजुरीत गिऱ्हाईक तीन भाषांत तगादा लावतं. “मास्तर, झालं का?” हे मराठीत, कन्नडात आणि दखनीत ऐकून शिंप्याचे कान किटतात. कपडा तयार झाला की मात्र तिन्ही भाषा गप्प होतात.

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातलं हे गाव कर्नाटकाच्या अगदी काठावर. पलीकडे महाराष्ट्रातला उमरगा तालुका. इथल्या एका मास्तरांच्या दुकानात दोन दांड्या आहेत. पुढच्या दांडीवर आज-उद्या जाणारे कपडे, मागच्या दांडीवर न नेलेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मास्तर कटिंग-दुरुस्तीपुरते उरले, हिशेब भाच्याच्या हाती गेला, आणि भाच्याने पहिल्याच आठवड्यात मागच्या दांडीकडे बोट दाखवलं. “मामा, एवढा पैसा टांगून ठेवलाय की तुम्ही!”

तेव्हापासून मास्तरांच्या डोक्यातून ती दांडी जात नाही.

रेडिमेडवाल्याचा माल पडून राहिला तर तो सेल लावतो. शिंप्याला ती सोय नाही. कापड गिऱ्हाइकाचं, अस्तर, बक्रम, हुक, काज-बटण आणि मजुरी आपली. छत्तीसच्या छातीचा, खोल गळ्याचा, डावा खांदा किंचित उतरता ठेवलेला ब्लाउज एकाच बाईला बसतो, आणि नेमकी तीच येत नाही.

का येत नाही, याचं पहिलं उत्तर शेतात असतं. कलबुर्गी हा तुरीचा जिल्हा. इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गिऱ्हाईक माप देतानाच सांगतं, “तूर इकली की देतो की, मास्तर.” पण तूर विकायला काढावी तेव्हा भाव हातात असतोच असं नाही. २०१६-१७ च्या हंगामात अमाप पीक आलं. बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव जाहीर होता, आणि बाजारात सौदे त्याच्या खाली होत होते. त्या वर्षी मागची दांडी वाकली. तुरीचा भाव विचारायला मास्तरांना आडतीवर जावं लागत नाही.

भाच्याचं म्हणणं सरळ आहे: पैसे नाहीत तर कपडा नाही. कायदाही तेच म्हणतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १७० वं कलम कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क देतं. गंमत अशी की त्या कलमाखालच्या उदाहरणात चक्क शिंपीच आहे. कोट शिवून होताच देईन असं त्याने कबूल केलं आणि पैशासाठी तीन महिन्यांची मुदत दिली, तर त्याला कोट अडवता येत नाही. “तुरीवर दे” म्हणणारे मास्तर बरोबर तिथे सापडतात. शब्द दिला, हक्क गेला. आणि हक्क शाबूत असला तरी तो धरून ठेवण्यापुरताच. गहाणाची वस्तू नोटीस देऊन विकता येते, तशी मुभा इथे नाही. म्हणजे कपडा द्यायचा नाही, विकायचाही नाही, नुसता उंदरांपासून सांभाळायचा.

२०२० ने तर पैसे चुकते झालेले कपडेही अडकवले. देशातला पहिला कोविड मृत्यू कलबुर्गीतलाच. १२ मार्चला तो जाहीर झाला. २५ मार्चपासून देश बंद. ऐन लगीनसराईची शिलाई दांडीवर राहिली. मे महिन्यात लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली; मग मावश्या-आत्यांचे ब्लाउज कोण नेणार? पुढच्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटी-पीसीआरचा दाखला सक्तीचा झाला आणि खजुरीच्या नाक्यावर तपासणी बसली. एका ब्लाउजपायी पलीकडच्या मुरूमची बाई नाकात काडी कशाला घालून घेईल?

त्या बायका आल्या तेव्हा अंगं बदललेली होती. मास्तरांचा हात बघावा तो अशा वेळी. बगलेच्या शिवणीत ते दोन्हीकडे इंचभर माया सोडतात. गिऱ्हाईक समोर बसवून ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उसवायचा, जुन्या शिवणीची रेघ ओलं फडकं टाकून इस्त्रीने बुजवायची, मग बगलेपाशी कमी आणि कमरेपाशी जास्त सोडत नवी टीप मारायची. आता डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा. ब्लाउज त्याच दुपारी घरी जातो.

एका सुटापुढे मात्र त्यांचं काही चालेना. इकडे नवरदेवाचा पोशाख बहुधा मुलीकडचे करतात. माप मुलाचं, कापड आणि विसार मुलीच्या बापाचा. सूट तयार झाला आणि सोयरीक मोडली. कापड ज्याने दिलं त्याचा सूट, हे मास्तरांना मान्य, पण बाप म्हणतो, “त्याच्या मापाचं नेऊन मी काय करू?” मुलगा दुकानावरून जाताना मान वळवतो. मुलीच्या धाकट्या भावाला तो बसवता येईल का, याचा मास्तरांनी रात्र-रात्र विचार केला. पँट होईल. कोटाचा खांदा कमी करायचा तर बाह्या आणि कॉलर दोन्ही उतरवाव्या लागतील, आणि कॉलरला हात लावायला ते तयार नाहीत.

भाच्याने एकदा तोंडावरच विचारलं: न नेलेला सूट मागच्या दांडीवर का नाही, पुढे काचेत का? मास्तर हसले आणि खरं ते बोलून गेले. तशी कॉलर त्यांना पुन्हा साधलेली नाही. ती बघून गिऱ्हाईक पायरी चढतं. बापाकडे तगादा लावला नाही, ते काही दयेपोटी नव्हे.

याच अभिमानातून ते बाजारातल्या दुसऱ्या एका शिंप्याला शिंपी मानत नाहीत. तो सगळे पैसे आगाऊ घेतो, त्याची दांडी रिकामी असते. “माया पाव इंच सोडतो, कपडा परत आला तर उसवणार काय?” हा मास्तरांचा निकाल. सोलापूरच्या कारखान्यांवर मात्र त्यांचा राग नाही, नुसती हळहळ आहे. गणवेश तिकडून गठ्ठ्याने येतात, जूनची रोकड धांदल गेली. उरली ब्लाउज-सुटाची कामं, म्हणजे नेमकी अडकणारी.

आता भाच्याने बिलबुकात दोन रकाने वाढवलेत: घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन नंबर आणि न्यायची तारीख. निम्मे पैसे आल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही. काज-बटण ट्रायलला माणूस आल्यावरच. तुरीवरची उधारी मास्तर अजून देतात, पण ती भाच्यासमोर. सुटाच्या मालकाला, म्हणजे मुलीच्या बापालाही, भाच्यानेच गाठलं. सूट विका, मजुरी वळती करा, अशी चिठ्ठी बापाने लिहून दिली. सूट अजून काचेत आहे.

तुमचाही एखादा कपडा कुठल्या तरी शिंप्याकडे राहिला असेल. लग्न मोडलं असेल, अंग सुटलं असेल, पैशाची अडचण असेल. काहीही असो, एकदा जाऊन सांगा. नको असेल तर नको म्हणून लिहून द्या. तेवढ्यानेही त्याचा हात मोकळा होतो.