दुरुस्तीसाठीच घडवलेले यंत्र

तबकडीचा जुना काळा दूरध्वनी उलटा करून तळाचे स्क्रू सैल केले, की त्याचे सारे अंतरंग एका दृष्टिक्षेपात समोर येते. घंटीच्या दोन वाट्या, तांब्याच्या तारेची वेटोळी, रिसीव्हर ठेवताच दबणाऱ्या पितळी पट्ट्या, तबकडीची यंत्रणा आणि रंगीत तारा जोडलेले स्क्रू, असे त्यात मोजकेच भाग असतात आणि प्रत्येक भाग सुटा करता येतो. काही नमुन्यांत तर तारांच्या जोडणीची आकृतीही आतच चिकटवलेली आढळते. घरी बसून असे दूरध्वनी दुरुस्त करणारी व वापरणारी हौशी माणसे आज जगभर आहेत, आणि त्यांच्या या छंदाकडे सहसा गतकाळाविषयीचे हळवेपण म्हणून पाहिले जाते. परंतु हे यंत्र इतक्या सहजपणे का उघडते, हा प्रश्न विचारला तर उत्तर भावनेत सापडत नाही. ते त्या काळच्या मालकीच्या व्यवस्थेत सापडते.

ज्या काळात हे दूरध्वनी घराघरांत होते, त्या काळात ते घरमालकाचे नव्हते. भारतात ते डाक व तार खात्याचे, ब्रिटनमध्ये टपाल खात्याचे, तर अमेरिकेत बहुतांशी बेल या एकाच उद्योगसमूहाचे असत; ग्राहक भाडे भरून ते वापरत असे, आणि ते उघडण्याचा अधिकार लाइनमनचा होता. अमेरिकेत तर बाहेरचे उपकरण दूरध्वनीच्या जाळ्याला जोडण्याची मुभा ग्राहकाला मिळण्यासाठी 1968 चा ‘कार्टरफोन’ निर्णय यावा लागला. यंत्र बिघडले तर दुरुस्तीचा खर्च मालकावर, म्हणजे खात्यावर वा कंपनीवर, पडणार असल्यामुळे ते बिघडूच नये आणि बिघडल्यास लाइनमनला ग्राहकाच्या ओसरीवर बसून थोडक्या वेळात नीट करता यावे, हे पाहणे मालकाच्याच हिताचे होते. 1948 मध्ये बंगळुरू येथे स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने भारतासाठी जे दूरध्वनी बनवले, तेही याच विचारसरणीतले होते. आजचा हौशी दुरुस्तीकार ज्या सोयीचा लाभ घेतो, ती मुळात लाइनमनसाठी केलेली होती.

या घडणीतील विचार सर्वांत स्पष्ट दिसतो तो तबकडीत. भोकात बोट घालून तबकडी अटकावापर्यंत फिरवली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते, मात्र एवढ्याने एक्स्चेंजकडे काहीच जात नाही. बोट काढल्यावर तबकडी परत फिरते तेव्हा दोन संपर्कपट्ट्या क्रमाने उघडतात व मिटतात आणि वाहता विद्युतप्रवाह तितक्या वेळा खंडित होतो. या प्रत्येक खंडाला स्पंद म्हणतात. एकसाठी एक स्पंद, पाचसाठी पाच आणि शून्यासाठी दहा. परतीचा वेग सेकंदाला सुमारे दहा स्पंद इतका कायम राखण्याचे काम गव्हर्नर नावाचा चिमुकला भाग करतो: वेग वाढू लागला की त्याची वजने बाहेर फाकतात, भोवतीच्या वाटीला घासतात आणि गतीला आळा बसतो. त्यामुळे नंबर फिरवणारा माणूस उतावीळ असो वा सावकाश, एक्स्चेंजला जाणारे स्पंद एकाच लयीत जातात. माणसाची घाई यंत्राच्या अचूकतेत शिरू न देण्याची ही तरतूद विजेच्या कोणत्याही मदतीशिवाय, केवळ स्प्रिंग आणि घर्षण यांच्या बळावर केलेली आहे.

दुरुस्तीही बहुधा येथूनच सुरू होते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या तबकडीतील तेल घट्ट होते, ती रेंगाळत परत येते आणि आकडे चुकू लागतात. जुने तेल पुसून दातेचक्रांच्या आसांना घड्याळाच्या तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब दिला, की तिची लय पूर्ववत होते. गव्हर्नरच्या वाटीला मात्र तेल लागू द्यायचे नसते, कारण तिचे सारे काम घर्षणावर चालते. काजळलेल्या संपर्कपट्ट्यांमध्ये कोऱ्या कागदाची पट्टी धरून ओढणे पुरेसे असते. पॉलिशपेपरने त्यांचा पातळ मुलामा निघून जातो. बोलण्याच्या बाजूला असलेल्या डबीत कार्बनचे कण असतात. आवाजाच्या दाबाने ते कमीअधिक दाबले गेले की त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यानुसार प्रवाह बदलतो. हे कण एकमेकांना चिकटून बसले की आवाज खोल गेल्यासारखा वाटतो. अशा वेळी रिसीव्हर तळहातावर हलकेच आपटल्याने ते मोकळे होतात. बेकेलाइटचे, म्हणजे फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून लिओ बेकलंड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेल्या कृत्रिम राळेसारख्या द्रव्याचे, कवच पाण्यात भिजवायचे नसते. सौम्य पॉलिश आणि मऊ फडके एवढ्याने त्याची चकाकी परत येते. मात्र हे सारे करण्यापूर्वी लाइनची जोडणी काढणे आवश्यक असते, कारण घंटी वाजवणारा विद्युतदाब 75 ते 90 व्होल्ट असतो आणि त्याचा झटका चांगलाच जाणवतो.

यंत्र असे निर्दोष झाले, तरी ते चालेलच असे नाही. तबकडी हे एका मोठ्या यंत्राचे केवळ अर्धे अंग होते. उरलेले अर्धे एक्स्चेंजमध्ये होते. अमेरिकेतील ऑल्मन स्ट्राउजर या अंत्यविधीच्या व्यावसायिकाला 1891 मध्ये ज्या स्वयंचलित स्विचचे पेटंट मिळाले, त्यात घरून आलेल्या स्पंदांनी एक फिरता दांडा पायरीपायरीने वर चढे व आडवा वळे आणि हवी ती जोडणी गाठे. बोटाने फिरवलेल्या आकड्याबरोबर दूरच्या इमारतीतील धातूचा दांडा खरोखर हलत असे. ती एक्स्चेंजे गेली, पुढे अनेक ठिकाणी तांब्याची तारही गेली आणि तिच्या जागी प्रकाशतंतू आला. त्यामुळे आज जुना दूरध्वनी वापरायचा तर स्पंद ओळखणारे अडॅप्टर, किंवा स्पंदांचे बटणांच्या सुरांत रूपांतर करणारे छोटे उपकरण मध्ये जोडावे लागते. तेवढे केले की घंटी पूर्वीसारखीच खणखणते आणि संभाषणही स्वच्छ होते. पण रूपांतराची सोय नसेल, तर ‘मराठीसाठी एक दाबा’ असे सांगणाऱ्या बँकेच्या यंत्रापुढे तबकडी निरुत्तर होते.

या यंत्राचे गुणगान करताना त्याच्या काळाचेही गुणगान करणे चुकीचे ठरेल. ज्या एकाधिकाराने ते टिकाऊ बनवले, त्यानेच ते दुर्मीळही ठेवले. जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहणे, शेजाऱ्यांचा फोन आला की त्यांना हाका मारणे, परगावी बोलण्यासाठी ट्रंककॉल लावून ताटकळणे आणि घाई असेल तर तातडीच्या ‘लायटनिंग’ कॉलचा जबर दर मोजणे, हे महाराष्ट्रातील एका पिढीने भोगले आहे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असा दूरध्वनी हेरून घेणाऱ्या तरुणाला त्यातले टिकाऊपण तेवढे मिळते, ती प्रतीक्षा मिळत नाही. आणि ते योग्यच आहे.

टिकाऊपण हा जुन्या वस्तूंचा अंगभूत सद्गुण नाही. बिघाडाचा भुर्दंड ज्याच्यावर पडतो, त्याच्या हिशेबातून तो जन्मतो. दूरध्वनी खात्याच्या मालकीचा होता तोवर भुर्दंड खात्याचा होता आणि यंत्र स्क्रूंनी जोडलेले होते. उपकरण ग्राहकाच्या मालकीचे झाले, भुर्दंड त्याच्याकडे आला आणि स्क्रूंची जागा डिंकाने घेतली. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यामागचा प्रश्न हाच आहे. म्हणून हाती आलेला तबकडीचा दूरध्वनी दिवाणखान्याची शोभा म्हणून ठेवण्याआधी वाचकाने तो एकदा उघडून पाहावा, जमल्यास चालू करून वापरावा आणि पुढचे कोणतेही उपकरण विकत घेताना दुकानदाराला किमतीच्या आधी एवढेच विचारावे, की हे उघडते कसे आणि याचे सुटे भाग कोठे मिळतात.