मायामीतली माया

अमेरिकेच्या नकाशावर आग्नेय कोपऱ्यात अंगठ्यासारखे समुद्रात शिरलेले राज्य म्हणजे फ्लोरिडा. आपल्याकडचा पर्यटक तिथे जातो तो बहुधा दोनच गोष्टींसाठी: ऑरलँडोचे डिस्नी वर्ल्ड आणि मायामीचा समुद्रकिनारा. मुलांना मिकी माऊस भेटला, मोठ्यांचे नारळीच्या झाडाखाली फोटो निघाले, की सहल सुफळ संपूर्ण! पण याच राज्यातल्या मायामी आणि टॅम्पा या दोन शहरांच्या परिसरातून १९८०-९०च्या दशकांत एक निराळाच आवाज जगभर गेला. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानावर पडला तर ‘आधी ते बंद कर’ असे फर्मान सुटेल, असा. त्याचे नाव डेथ मेटल.

ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गिटारचे सूर मुद्दाम खाली उतरवलेले, ढोल मशीनगनच्या गतीने वाजणारे आणि गायक शब्द म्हणत नाही तर घशाच्या तळातून गुरगुरतो. गाण्याचे विषय मृत्यू, रोग, युद्ध. ऊन, संत्री आणि निवृत्त म्हाताऱ्यांच्या या राज्यात असले संगीत का फोफावले, याचे कोडे भल्याभल्यांना पडते. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग टॅम्पातल्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत आहे, आणि त्या स्टुडिओत मायामीच्या चार-पाच पोरांनी आपला पहिला अल्बम कसा पोहोचवला, ही गोष्ट तर ऐकण्यासारखीच आहे.

मायामीहून टॅम्पाला जायला आज वेगवान महामार्ग आहे. तरीही सवड असेल तर जुना रस्ता धरावा. त्याचे नाव ‘टॅमायामी ट्रेल’. टॅम्पा आणि मायामी या दोन नावांचा सांधा जुळवून केलेले. १९१५ साली काम सुरू झाले आणि रस्ता खुला व्हायला १९२८ साल उजाडले, कारण वाटेत एव्हरग्लेड्सची अफाट दलदल होती. खाली चुनखडीचा खडक आणि वर पाणी. डायनामाइटने खडक फोडायचा, फोडलेल्या दगडाचाच भराव घालायचा आणि पुढे सरकायचे. सुमारे साडेचारशे किलोमीटरची ही वाट.

मायामी शहरात हाच रस्ता ‘काये ओचो’, म्हणजे आठवा रस्ता, या नावाने लिट्ल हवानामधून जातो. इथे इंग्रजीपेक्षा स्पॅनिश जास्त कानी येते. क्युबातून परागंदा झालेल्यांची ही वस्ती. टपरीच्या खिडकीतून इवल्याशा पेल्यात काळीकुट्ट, साखर घोटून फेसाळलेली कॉफी मिळते. आपल्या ‘कटिंग’चीच चुलत बहीण म्हणा ना! शेजारच्या बागेत सावलीला बसून म्हातारी मंडळी डॉमिनोचे डाव टाकतात आणि राजकारणावर तावातावाने बोलतात. पुण्यातला एखादा पार उचलून इथे आणून ठेवला आहे असे वाटावे.

अशा मायामीत १९८७ साली पॉल मासव्हिडाल आणि शॉन राइनर्ट या दोन शाळकरी मित्रांनी ‘सिनिक’ नावाचा बँड काढला. दोघेही १९७१ सालचे, म्हणजे तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे. पॉल गिटार वाजवणारा, शॉन ढोलावर. पुढे जेसन गोबेल हा दुसरा गिटारवादक त्यांना मिळाला. सुरुवातीला त्यांचे वाजवणे इतरांसारखेच होते: वेगवान आणि कर्कश. पण ही पोरे ऐकत होती जॅझ. त्यातल्या सुरावटी, तालाची वळणे त्यांच्या बोटांत उतरत गेली. चार चार मात्रांचा सरळ ठेका सोडून ती सात, पाच, नऊ अशा मात्रांच्या आवर्तनांत शिरली. रूपक आणि झपताल ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना यात नवल वाटणार नाही. पण डेथ मेटलच्या श्रोत्यांना ते नवीनच होते. अशा प्रयोगशील डेथ मेटलला पुढे ‘प्रोग्रेसिव्ह’ हे विशेषण लागले.

त्यांच्या हातांची कीर्ती त्यांच्या अल्बमआधीच पसरली. ऑरलँडोजवळच्या आल्टामाँटे स्प्रिंग्ज या उपनगरात चक शुल्डिनर याने सुरू केलेला ‘डेथ’ हा बँड या संगीताच्या आद्य बँडांपैकी एक. त्याच्या १९९१ सालच्या ‘ह्यूमन’ या अल्बमवर पॉल आणि शॉन दोघेही वाजवतात. वीस वर्षांच्या शॉनचे त्यातले ढोलवादन आजही नव्या वादकांना अभ्यासाला घ्यावे लागते. म्हणजे दुसऱ्याच्या घरची लग्ने लावून झाली, स्वतःच्या घरचे कार्य तेवढे राहिले होते. रोडरनर या कंपनीशी करार झाला होता, गाणी तयार होती आणि १९९२ साली आता स्टुडिओत जायचे अशी तयारी चालली होती.

२४ ऑगस्ट १९९२च्या पहाटे ‘अँड्र्यू’ हे चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी २६५ किलोमीटर. पुढे दहा वर्षांनी शास्त्रज्ञांनी नोंदी पुन्हा तपासून त्याला सर्वोच्च, पाचव्या श्रेणीत टाकले. फ्लोरिडात ६३ हजारांहून जास्त घरे जमीनदोस्त झाली. तिथली काही घरे म्हणजे लाकडी सांगाडा आणि वर हलके छप्पर. छप्पर उडाले की भिंती पत्त्यांसारख्या पडत. सकाळी लोक बाहेर आले तेव्हा आपली गल्ली ओळखायची कशी हेच त्यांना समजेना. रस्त्यांच्या पाट्याही उडून गेल्या होत्या.

त्या वादळात सिनिकची तालमीची जागा उद्ध्वस्त झाली. बँडमधल्या एकाचे घरही गेले. माणसे वाचली हे खरे, पण जिथे रोज जमायचे ती खोलीच नाही, तर वाजवायचे कुठे? ध्वनिमुद्रण महिनोन्‌महिने लांबले.

त्यातच पॉलच्या घशाची तक्रार. असाच गुरगुरत राहिलास तर आवाज कायमचा गमावून बसशील, असा इशारा त्याला मिळाला. गायकाच्या दृष्टीने हे दुसरे वादळच. पण त्यातून मार्ग निघाला तो मोठा मौजेचा. गुरगुरण्याचे काम टोनी टीगार्डन या नव्या गायकाकडे सोपवले आणि पॉलने स्वतःचा साधा आवाज व्होकोडर या यंत्रातून काढला. यंत्रातून येणारा तो आवाज धातूच्या नळीतून कोणी प्रार्थना म्हणावी तसा वाटतो. १९९१ सालच्या त्यांच्या नमुना-मुद्रणातली दोन गाणी अल्बममध्येही आहेत. दोन्ही रूपे पाठोपाठ ऐकली की मधल्या काळात बँड किती लांब चालून गेला ते कळते.

टॅमायामी ट्रेलवर शहर संपते आणि एव्हरग्लेड्स लागते. नजर पोहोचेल तिथवर कमरेइतके करवतीसारखे गवत आणि त्याच्या बुडाशी हलके हलके दक्षिणेला सरकणारे पाणी. मार्जरी स्टोनमन डग्लस या लेखिकेने १९४७ साली याला ‘गवताची नदी’ म्हटले, ते नाव चिकटूनच राहिले. रस्त्याच्या भरावाने या नदीची वाट अडवली, हे ध्यानात यायला पुढची अनेक वर्षे गेली. आता ठिकठिकाणी रस्ता उचलून पुलावर घेतला जात आहे. कडेच्या कालव्यात सुसरीसारखे अॅलिगेटर ऊन खात पडलेले असतात. मुलांना गाडीतूनच दाखवावेत! ओचोपी या गावी अमेरिकेतले सर्वांत लहान पोस्ट ऑफिस आहे. पूर्वी पाण्याचे पाइप ठेवायची ती खोपटी, आपल्याकडच्या पानाच्या गादीएवढी. तिथून पाठवलेले पत्र घरी जपून ठेवण्यासारखे.

पुढे फोर्ट मायर्स येथे थॉमस एडिसनचे हिवाळी घर आहे. त्याच्या आवारात एक वड उभा आहे. रोप भारतातून आणलेले, १९२५च्या सुमारास हार्वे फायरस्टोन यांनी भेट दिलेले. लावताना चार फुटांचे असलेले ते झाड आज जवळपास एकरभर पसरले आहे. त्याच्या पारंब्यांखाली उभे राहिलेल्या मराठी माणसाला वटपौर्णिमा आठवल्यावाचून राहत नाही. ज्याने १८७७ साली फोनोग्राफ शोधून माणसाचा आवाज पहिल्यांदा साठवला आणि पुन्हा ऐकवला, त्याच्याच दारात हा वड असावा, हाही योगायोग.

सारासोटा हे गाव सर्कसवाल्या रिंगलिंग कुटुंबाच्या संग्रहालयासाठी प्रसिद्ध आहे. ‘एथिइस्ट’ हा आणखी एक प्रयोगशील डेथ मेटल बँडही याच गावचा. त्यांचा तरुण बासवादक रॉजर पॅटरसन १९९१ साली दौऱ्याहून परतताना गाडीच्या अपघातात गेला. त्याच्या जागी पुढच्या अल्बमवर बास वाजवायला गेला तो सिनिकचा टोनी चॉय. ही सगळी मंडळी एकमेकांच्या अडीनडीला अशी धावत असत.

आणि मग टॅम्पा. उन्हाळ्यात इथे जवळजवळ रोज दुपारी आकाश भरून येते आणि विजांचा नुसता थयथयाट होतो. दोन्ही बाजूंच्या समुद्रांवरून येणारे दमट वारे द्वीपकल्पाच्या मध्यात एकमेकांना भिडतात, त्याचा हा परिणाम. शहराच्या आइस हॉकी संघाचे नावच ‘लाइटनिंग’ आहे!

इथला यबोर सिटी हा भाग १८८० च्या दशकात सिगार कारखानदार व्हिसेन्ते मार्तीनेस यबोर याने वसवला. विटांच्या जुन्या कारखान्यांत शेकडो क्युबन आणि स्पॅनिश कामगार हाताने सिगार वळत. त्यांना उंच मंचावर बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवणारा एक वाचक असे, आणि त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून देत. १९३१ साली मालकांनी हे वाचन बंद पाडले; पुढे रेडिओ आला. आज या रस्त्यांवर त्या काळच्या कोंबड्यांचे वंशज म्हणवणारी कोंबडी-कोंबडे खुशाल फिरत असतात. वाहनेच त्यांच्यासाठी थांबतात.

स्टुडिओचे नाव मॉरिसाउंड. टॉम आणि जिम मॉरिस या भावांनी १९८१ साली सुरू केलेला. डेथ मेटलमधले अतिजलद ढोल मुद्रित केले तर नुसता गोंगाट ऐकू येई; प्रत्येक ठोका सुटा आणि स्वच्छ उमटवण्याची हातोटी इथल्या तंत्रज्ञांनी, विशेषतः स्कॉट बर्न्सने, मिळवली. मग दूरदूरचे बँड टॅम्पाला येऊ लागले. बाहेरून पाहिले तर एखादे मध्यम कचेरीचे बैठे घर वाटावे अशी ती टेंपल टेरेसमधली इमारत. तिथे पर्यटकांसाठी काहीही नव्हते. २०१५ साली ती इमारत विकून मॉरिस बंधूंनी आपला पसारा लहान जागेत हलवला.

या इमारतीत सिनिकचा ‘फोकस’ मुद्रित झाला आणि १४ सप्टेंबर १९९३ रोजी बाजारात आला. आठ गाणी, अवघी ३६ मिनिटे. बासवर शॉन मालोन हा नवा वादक. वेगवान गडगडाटातून अचानक निवळशंख गिटार निघते, जणू पाऊस थांबून पागोळ्या गळाव्यात. पहिल्या गाण्याचे शीर्षक मराठीत सांगायचे तर ‘मायेचा पडदा’, आणि त्यातला ‘माया’ हा शब्द मूळ इंग्रजी शीर्षकातही जसाच्या तसा आहे. मृत्यू आणि सडलेली प्रेते यांवर गाणाऱ्यांच्या गर्दीत ही पोरे आत्मा, ध्यान आणि भ्रम यांवर गात होती. मायामीच्या मुलांना शंकराचार्यांचा शब्द सापडावा, ही गंमत मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको.

श्रोत्यांना मात्र ती तेव्हा रुचली नाही. १९९४ साली ‘कॅनिबल कॉर्प्स’ या दणकेबाज बँडबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर सिनिकला हुर्यो ऐकून घ्यावी लागली. रक्तपात ऐकायला आलेल्यांना यंत्रातला हळवा आवाज नको होता. त्याच वर्षी बँड मोडला. सहा-सात वर्षांची खटपट, एक वादळ, एक अल्बम, आणि संपले!

पण कॅसेट हातोहात फिरत राहिली. पुढच्या पिढीच्या बँडांनी ‘फोकस’ला गुरुस्थानी मानले, शिकागोजवळच्या एका बँडने तर त्या पहिल्या गाण्याचे शीर्षकच स्वतःचे नाव म्हणून घेतले. २००६ साली सिनिक पुन्हा जमला आणि २००८ साली दुसरा अल्बम आला, पहिल्यानंतर तब्बल पंधरा वर्षांनी. २०१४ साली पॉल आणि शॉन या दोघांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. मर्दानगीचा एवढा गाजावाजा असलेल्या त्या जगात विशीतल्या दोघांनी काय काय मनात दाबून ठेवले असेल, याचा अंदाज तेव्हा लोकांना आला.

चक शुल्डिनर २००१ साली मेंदूच्या कर्करोगाने गेला. २०२० हे वर्ष सिनिकसाठी फार कठीण ठरले. जानेवारीत शॉन राइनर्ट वयाच्या ४८व्या वर्षी गेला आणि डिसेंबरात शॉन मालोन. पॉल मासव्हिडालने एकट्याने नाव चालू ठेवले. २०२१ साली नवा अल्बम काढला.

प्रवाशाने ही वाट नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या दिवसांत धरावी. डास कमी, आकाश स्वच्छ. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. २०२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘हेलीन’ आणि ‘मिल्टन’ ही दोन वादळे दोन आठवड्यांच्या अंतराने टॅम्पाच्या परिसराला झोडपून गेली. अँड्र्यूनंतर फ्लोरिडाने घरबांधणीचे नियम कडक केले आणि २००२ पासून साऱ्या राज्याला एकच संहिता लागू झाली. आता होमस्टेडच्या नव्या घरांची छपरे पोलादी पट्ट्यांनी भिंतींना जखडलेली असतात. अंगणात आंब्याची झाडे दिसतात. दक्षिण फ्लोरिडात आंबा उत्तम होतो, आणि मे-जूनमध्ये तिथल्या रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसलेले विक्रेते पाहिले की हापूसची आठवण काढत का होईना, आपला माणूस गाडी थांबवतोच.