रौझ्यातील सब्जा

तुळस ओळखावयास शिकावे लागते, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. आमचे बालपण मिशनच्या आवारात गेले, घरी वृंदावन नव्हते. तरी खोकला झाला की आमच्या मातोश्री शेजारच्या काकूंकडून तुळशीची पाने मागून आणीत. पुढे वनस्पतिशास्त्र घेऊन आम्ही पदवीधर झालो व तोच विषय शिकवू लागलो. एवढ्या शिदोरीवर काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांची सहल घेऊन वेरुळास गेलो, आणि तेथून घाट चढून खुलताबादेस आलो.

या गावाचे जुने नाव रौझा. औरंगजेब बादशहा १७०७ साली अहमदनगरजवळ मरण पावला, व त्याच्या इच्छेप्रमाणे त्यास येथे शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. मरणानंतर त्यास ‘खुल्द-मकान’, म्हणजे स्वर्गवासी, म्हणू लागले. त्यावरून गावाचे नाव खुल्दाबाद झाले, व मराठी जिभेने त्याचे खुलताबाद केले. कबरीवर घुमट नाही, छप्पर नाही. भोवतालची संगमरवरी जाळी पुष्कळ मागाहून, निजामाच्या अमदानीत बसविलेली. मध्ये उघडी माती, आणि त्या मातीत एक हिरवे रोप. टोप्या शिवून मिळविलेल्या १४ रुपये १२ आण्यांतच आपली कबर व्हावी, असे त्याने सांगून ठेवले होते, अशी कथा आहे.

परंतु याच बादशहाच्या आज्ञेने १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांस हालहाल करून मारण्यात आले. येथे उभे असता मराठी मुलांचे मन शांत राहत नाही; राहावे, असे आम्ही सांगितलेही नाही. मुलांत कुजबुज सुरू झाली. त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवावे म्हणून आम्ही त्या रोपाकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणालो, “पाहा, ही तुळस!”

झाले भलतेच. “तुळस? येथे?” असे चार-पाच आवाज उठले. इतक्यात मागून एक बारीक आवाज आला, “सर, तुळस नव्हे, सब्जा आहे तो.”

बोलणारा मुलगा खुलताबादचाच राहणारा. वर्गात विचारल्याशिवाय कधी तोंड न उघडणारा. आम्ही म्हणालो, “शिकविणारे आम्ही की तू?” मुले हसली. त्याने मान खाली घातली. परतीच्या वाटेवर तो बसमध्ये खिडकीशी बसून होता व कोणाशी बोलत नव्हता, हे आम्ही पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

रात्री आम्ही पुस्तक काढले. तुळस व सब्जा एकाच कुळातील, नव्हे एकाच प्रजातीतील बहिणी. दोहोंचे खोड चौकोनी. पाने समोरासमोर, प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी फुलीसारखी आडवी. फुलास दोन ओठ. फूल गळाल्यावर तळाशी चार बारीक दाणे. पुदिना व मरवा हेही याच घराण्यातले. आमच्या महाविद्यालयीन दिवसांत निरगुडी व साग दुसऱ्या कुळात शिकविले जात; आता तीही याच कुळात आली आहेत, हेही आमच्या पाठात कित्येक वर्षे सुधारावयाचे राहून गेले होते! तुळशीच्या कोवळ्या दांड्यावर लव असते, फुले जांभळट, आणि पान चुरगाळले तर लवंगेसारखा तिखट वास. सब्जाचे पान मोठे, गुळगुळीत, तुकतुकीत, फुले बहुधा पांढरी, वास गोडसर. रौझ्यातील त्या रोपाची तुकतुकीत पाने आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मुलाचे खरे होते.

सब्जा हे नाव फारसीतले, हिरवळीवरून आलेले. शास्त्रीय नावातील ‘बेसिलिकम’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याचा अर्थ ‘राजाचे’. साध्या मातीत पडून राहू इच्छिणाऱ्या बादशहाच्या उशाशी हेच रोप असावे, याचे आम्हांस मोठे नवल वाटले. मुसलमान लोक कबरीवर सब्जा लावतात. ग्रीस देशातील ख्रिस्ती मंडळीत याच्याच डहाळीने पवित्र पाणी शिंपडतात, ही गोष्ट तर आम्ही ख्रिस्ती असूनही प्रथमच वाचली.

सोमवारी पहिल्याच तासाला आम्ही वर्गास सांगितले की, आमचे चुकले होते, व त्या मुलास विचारले, “तू दुरून कसा ओळखलास?”

तो उभा राहिला. “सर, माझ्या आजीच्या कबरीवर मीच लावला आहे. दर जुम्म्याला पाणी घालतो.”

वर्गात कोणी हसले नाही. आम्हांसही काही बोलणे सुचेना. “बैस, बाळ,” एवढेच म्हटले.

दोन दिवसांनी त्याने कागदाची एक पुडी आणून दिली. काळे, मोहरीहूनही बारीक दाणे. चिमूटभर पेल्यात टाकले तो थोड्याच वेळात प्रत्येक दाण्याभोवती पाणीदार पांढुरका बुळबुळीत गोळा जमला. उन्हाळ्यात सरबतात व फालुद्यात आपण खातो ते हेच, असे सांगताच मुलांनी पेल्याभोवती गर्दी केली. उरलेले बी शाळेच्या विहिरीजवळच्या वाफ्यात पेरले. शेजारच्या वाफ्यात तुळशीचेही बी होते. रोपे वर आली तेव्हा दोन्ही इतकी सारखी दिसत की एका मुलीने विचारले, “सर, यांतला सब्जा कोणता?”

उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्या मुलाकडे पाहिले.